सेलमचे चेटूक-खटले, १६९२ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसांना फाशी दिली गेली आणि एका म्हाताऱ्याला दगडांच्या वजनाखाली मारलं गेलं. या प्रकरणाबद्दल मराठीत विचारलं की बहुतेकांना एवढंच माहीत असतं : काही मुलींना झटके आले, आणि अडाणी लोकांनी बायकांना चेटकीण ठरवून मारलं. मला हे उत्तर फार खटकतं. न्यायाधीश शिकलेले होते, धर्मगुरू विद्वान होते, सगळं कागदोपत्री, कायद्याला धरून झालं. ते कसं झालं, हे समजून घेण्यासाठी खालचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

हे सेलम म्हणजे तामिळनाडूतलं का?

नाही. हे बॉस्टनपासून साधारण पंचवीस किलोमीटर ईशान्येला, समुद्रकाठी आहे. पण गोंधळ इथेच संपत नाही, कारण तेव्हा सेलम दोन होती. एक सेलम टाउन, म्हणजे बंदर, व्यापाऱ्यांचं गाव. दुसरं सेलम व्हिलेज, म्हणजे आतल्या बाजूला पसरलेली शेतकऱ्यांची वस्ती, पाच-सहाशे माणसांची. प्रकरण पेटलं ते या दुसऱ्या गावात. त्याचं आजचं नाव डॅनव्हर्स. व्हिलेजचा कारभार आणि कर टाउनच्या हाती होते. वेगळं होण्यासाठी व्हिलेजवाल्यांनी अर्जांवर अर्ज केले, पण स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळायला १७५२ साल उजाडलं.

सेलमचे लोक प्युरिटन होते म्हणतात. प्युरिटन म्हणजे नेमके कोण?

इंग्लंडच्या चर्चमध्ये रोमन कॅथलिक रीतिरिवाज अजून फार उरले आहेत, ते काढून धर्म शुद्ध करायला हवा, असं मानणारे प्रोटेस्टंट लोक. १६३० च्या सुमारास ते हजारोंनी मॅसॅच्युसेट्सला आले. आपला देवाशी करार झालेला आहे, ही त्यांची समजूत होती. समाज नीट वागला तर देव सांभाळणार, चुकला तर सगळ्यांना मिळून शिक्षा करणार. त्यामुळे शेजाऱ्याचं पाप ही त्याची खाजगी बाब राहत नसे. नाताळ साजरा करणंही त्यांना अधर्म वाटे. १६५९ ते १६८१ या काळात तिथे नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता.

आणखी एक श्रद्धा समजून घ्यायला हवी. कोण तरणार आणि कोण नाही, हे देवाने आधीच ठरवून ठेवलेलं आहे, असं ते मानत. पण आपण कुठल्या यादीत आहोत, हे माणसाला खात्रीने कळत नाही. म्हणून प्रत्येक जण आयुष्यभर खुणा शोधत राही. मूल आजारी पडलं, गाय मेली, पीक गेलं, तर देव काय सांगतोय? आणि देव सांगत नसेल, तर मग हे कोण करतंय?

त्यांचा चेटकावर खरंच विश्वास होता, की तो बहाणा होता?

खरंच होता. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात चेटकिणीला जिवंत ठेवू नये, अशी आज्ञा आहे. त्याच आधारावर मॅसॅच्युसेट्सच्या १६४१ च्या कायद्यात चेटकाला देहदंड ठेवलेला होता. सैतान त्यांच्या लेखी उपमा नव्हती. तो येतो, एक पुस्तक पुढे करतो, त्यात सही किंवा खूण करायला लावतो आणि बदल्यात माणसाला दुसऱ्यांना छळायची ताकद देतो, असा ठाम समज होता. युरोपात त्याआधीच्या दोन-अडीचशे वर्षांत याच समजुतीपायी चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्या मानाने सेलमचा आकडा लहान आहे. पण इथल्या जबान्या, अर्ज, वॉरंट मोठ्या संख्येने टिकून राहिले, म्हणून माणसं आपल्याला नावानिशी भेटतात.

सुरुवात कशी झाली?

जानेवारी १६९२ मध्ये, गावच्या धर्मगुरूच्याच घरात. सॅम्युएल पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि घरातच राहणारी अकरा वर्षांची नातलग अ‍ॅबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. त्या वेड्यावाकड्या वळत, किंचाळत, कोणीतरी चिमटे काढतंय म्हणत. उपास झाले, प्रार्थना झाल्या. शेवटी वैद्याने सांगितलं की हा दुष्ट शक्तीचा हात आहे.

मेरी सिबली नावाच्या शेजारणीने एक तोडगा सुचवला. राय नावाच्या धान्याच्या पिठात त्या मुलींची लघवी कालवून भाकरी भाजायची आणि कुत्र्याला घालायची, म्हणजे करणी करणारी उघडी पडेल. हा तोडगा इंग्लंडच्या खेड्यांतून आलेला. पॅरिसना कळलं तेव्हा त्यांनी तिला भर मंडळीसमोर चूक कबूल करायला लावली : सैतानाविरुद्ध तू सैतानाचीच मदत घेतलीस. म्हणजे तोडगे करणारे आणि तोडग्यांना पाप म्हणणारे एकाच बाकावर बसत होते.

२९ फेब्रुवारीला तिघींविरुद्ध वॉरंट निघालं. सारा गुड, ही दारोदार मागून खाणारी. सारा ऑस्बोर्न, ही आजारपणामुळे वर्षभर उपासनेला न आलेली. पहिल्या नवऱ्यामागे घरच्या नोकराशी लग्न केलेली आणि जमिनीवरून स्वतःच्या मुलांशी तंटा असलेली. आणि टिटुबा, पॅरिसच्या घरची गुलाम. गावात ज्यांची बाजू घ्यायला कोणी उभं राहणार नाही, अशा तिघी.

टिटुबाला कागदपत्रांत ‘इंडियन’ म्हटलंय. ती भारतीय होती का?

नाही. तिथे त्या शब्दाचा अर्थ अमेरिका खंडातली मूळ रहिवासी. ती कॅरिबियन बेटांतून किंवा दक्षिण अमेरिकेतून आली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिने मुलींना आफ्रिकी जादूटोणा शिकवला ही गोष्ट फार मागाहून रचली गेली. १६९२ च्या कागदांत तिला आधार नाही.

तिची जबानी मात्र या प्रकरणाला वळण देणारी ठरली. आधी तिने नाकारलं, मग कबूल केलं. बॉस्टनहून आलेला काळ्या कपड्यांतला उंच माणूस, पिवळा पक्षी, काठीवरून प्रवास, हे सगळं तिने सांगितलं. आणि सैतानाच्या पुस्तकात आपण नऊ खुणा पाहिल्या, असं म्हणाली. त्यातल्या गुड आणि ऑस्बोर्न या दोघींच्या खुणा तिने ओळखल्या. मग बाकीच्या कोणाच्या? पकडलेल्या होत्या तीन. त्या दिवसापासून गाव उरलेल्या नावांच्या शोधाला लागलं.

गावात आधीपासून काय धुमसत होतं?

बरंच काही, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

व्हिलेजमध्ये धर्मगुरू टिकत नव्हता. पॅरिसच्या आधी तिघे येऊन गेले. त्यातल्या जॉर्ज बरोज यांचा पगार गावाने थकवला. बायको वारली तेव्हा तिच्या अंत्यविधीसाठी त्यांनी पटनम कुटुंबाकडून उसने पैसे घेतले होते. त्याच कर्जापायी पुढे त्यांना अटक करवली गेली. १६८९ मध्ये पॅरिस आले. पगार किती रोख, जळणाची लाकडं कोणी पुरवायची, धर्मगुरूचं घर त्यांच्या नावावर कसं झालं, यावरून लगेच तट पडले. ऑक्टोबर १६९१ मध्ये विरोधी गट पंच म्हणून निवडून आला आणि पॅरिसच्या पगारासाठी कर गोळा करायलाच त्याने नकार दिला. त्या थंडीत पॅरिस व्यासपीठावरून, सैतान देवाच्या मंडळीवर चालून आला आहे, असं सांगत होते. ऐकणाऱ्यांत कर न देणारेही होते आणि पॅरिसचे पाठीराखेही.

पाठीराख्यांत पुढे होते पटनम. जमीनजुमल्याचं जुनं घराणं, पण वाटण्या होऊन तुकडे पडत चाललेले, आणि बंदराकडच्या व्यापारात फारसा शिरकाव नसलेले. टॉप्सफील्ड या गावाच्या हद्दीवरून तिथल्या टाउन आडनावाच्या कुटुंबाशी त्यांचं पिढीजात भांडण. बांधाचं भांडण काय असतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. त्या टाउन कुटुंबातल्या तीन बहिणी, रिबेका नर्स, मेरी ईस्टी आणि सारा क्लॉइस, तिघींवरही चेटकाचा आरोप आला. पहिल्या दोघी फासावर गेल्या.

याच्या बाहेर आणखी मोठी भीती होती. १६८४ मध्ये इंग्लंडच्या राजाने वसाहतीची सनद रद्द केली होती. पाठवलेल्या गव्हर्नरला १६८९ मध्ये लोकांनीच बंड करून हटवलं. नवी सनद येईपर्यंत कायद्याने कोणाची सत्ता, हेच धड ठरलेलं नव्हतं. उत्तरेला मेन या प्रदेशाच्या सीमेवर फ्रेंच आणि त्यांच्या बाजूचे मूळ रहिवासी यांच्याशी लढाई चालू होती. जानेवारी १६९२ मध्ये यॉर्क या गावावर हल्ला होऊन तिथला धर्मगुरू मारला गेला. जळलेल्या गावांतून पळून आलेली माणसं सेलमच्या परिसरात आसऱ्याला होती. आरोप करणाऱ्यांपैकी मर्सी लुईस ही अशीच मेनमधली पोरकी मुलगी. ती आधी बरोज यांच्या घरी होती आणि १६९२ मध्ये टॉमस पटनमच्या घरी मोलकरीण होती. बरोज मेनला परत गेले होते. तिथून त्यांना पकडून आणलं गेलं, चेटकिणींचा पुढारी म्हणून.

दोष मुलींचाच ना? त्यांनीच खोटं सांगितलं.

त्या मुली ओरडल्या, पण कागदावर सह्या मोठ्यांच्या आहेत. अल्पवयीन मुलीला तक्रार दाखल करता येत नव्हती. ती करायला गावातला कर्ता पुरुष लागे. टॉमस पटनमचं नाव तक्रारींवर पुन्हा पुन्हा दिसतं, आणि अनेक जबान्या त्याच्याच हस्ताक्षरात आहेत. त्याची बारा वर्षांची मुलगी अ‍ॅन ही मुख्य आरोपकर्त्यांपैकी एक; तिची आईही साक्ष देत होती. बारा वर्षांच्या पोरीने रागाच्या भरात किंवा भीतीने काहीही म्हणावं. ते लिहून घेऊन मॅजिस्ट्रेटकडे नेणं हे बापाचं काम होतं, आणि त्याने ते केलं.

मुली ढोंग करत होत्या की खरोखर आजारी होत्या? काहींना सुरुवातीला खरी भीती आणि खरे झटके असावेत, असं मला वाटतं. पुढे काही प्रसंगी लबाडी पकडलीही गेली. पण प्रत्येक मुलीच्या मनात काय होतं, याचा निवाडा आता कोणी करू शकत नाही. मोठ्यांनी काय केलं, हे मात्र दप्तरात आहे.

राय या धान्यावरच्या बुरशीमुळे भ्रम झाले, असं वाचलं. खरं का?

१९७६ मध्ये हा तर्क मांडला गेला : अर्गट नावाची बुरशी लागलेलं धान्य खाल्ल्याने झटके आणि भास. त्याच वर्षी त्याला सविस्तर उत्तरही मिळालं. एकाच घरात तेच धान्य खाणाऱ्यांपैकी काहींनाच त्रास, आणि तोही आरोपी समोर आल्यावर सुरू होऊन तिने स्पर्श केला की थांबणारा, असं विषबाधेत होत नाही. आणि बुरशीने वॉरंट निघत नाही.

‘छायेचा पुरावा’ म्हणजे काय?

खटल्यांचा सगळा डोलारा यावर उभा होता. मुलगी म्हणे, ‘या बाईची छाया काल रात्री माझ्या खोलीत आली आणि माझा गळा दाबला.’ बाई म्हणे, मी तर घरी झोपले होते, साक्षीदार आहेत. उपयोग शून्य, कारण आरोप तिच्या देहावर नव्हताच. छाया फक्त पीडितेला दिसणार. जिथे ‘मी तिथे नव्हते’ हेच सांगून उपयोग नाही, तिथे माणसाने बचाव कसा करायचा?

खरा प्रश्न धर्मशास्त्राचा होता : सैतान निरपराध माणसाचं रूप घेऊ शकतो का? घेऊ शकत असेल, तर सगळा पुरावा कोसळतो. या खटल्यांसाठी नेमलेल्या खास न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांचं मत होतं की देव तसं होऊ देणार नाही. बॉस्टनच्या धर्मगुरूंनी १५ जूनला लेखी सल्ला दिला, त्यात अशा पुराव्याबाबत फार सावध राहा असं म्हटलं, आणि त्याच कागदात खटले झपाट्याने आणि कडकपणे चालवा असंही. न्यायालयाने सोयीचं तेवढं घेतलं. नथॅनियल सॉल्टनस्टॉल या एका न्यायाधीशाने मात्र पहिल्या फाशीनंतर न्यायालय सोडलं.

रिबेका नर्सचं नाव वारंवार का येतं?

कारण तिच्या बाबतीत न्याय जवळजवळ झाला होता. वय एकाहत्तर, अंथरुणाला खिळलेली, ऐकायला कमी येणारी, चर्चची मानाची सभासद. तिच्या चांगुलपणाची ग्वाही देणाऱ्या अर्जावर एकोणचाळीस शेजाऱ्यांनी सह्या केल्या. त्या वातावरणात अशी सही म्हणजे पुढचा आरोप स्वतःवर ओढवून घेणं.

ज्यूरीने तिला निर्दोष ठरवलं. त्याबरोबर न्यायालयात मुलींनी आकांत मांडला. स्टॉटननी ज्यूरीला विचारलं, तिच्या एका वाक्याचा तुम्ही विचार केलात का? कबुली दिलेली एक कैदी साक्षीला आणली तेव्हा रिबेका बोलून गेली होती, ‘ही आमच्यातलीच ना?’ ज्यूरी आत जाऊन परत आली आणि ज्यूरीच्या म्होरक्याने रिबेकाला त्या वाक्याचा अर्थ विचारला. ती गप्प. तिला प्रश्न ऐकूच आला नव्हता. गप्प राहणं म्हणजे कबुली, असं धरून निकाल फिरवला गेला. नंतर तिने लिहून दिलं : आमच्यातली म्हणजे आमच्यासारखीच कैदी, एवढंच मला म्हणायचं होतं, मला कमी ऐकू येतं आणि मी दुःखात बुडाले होते. १९ जुलैला तिला आणखी चौघींबरोबर फाशी दिली.

कबूल केलं तर काय व्हायचं?

जीव वाचायचा. पन्नासहून अधिक जणांनी कबुली दिली. कबुली देऊन तीवर ठाम राहिलेल्यांपैकी कोणालाही फाशी झाली नाही. सॅम्युएल वॉर्डवेलने कबुली मागे घेतली आणि तो फासावर गेला. देवासमोर खोटं बोलणार नाही म्हणणारे मेले. ज्यांचा धर्म सर्वांत पक्का होता, तेच धर्माच्या नावाने मारले गेले. हे मला आजही वाचवत नाही.

कबुल्या मिळवल्या कशा जात, हे जॉन प्रॉक्टर या आरोपीने तुरुंगातून बॉस्टनच्या धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रात आहे. मार्था कॅरियर या आरोपी बाईच्या मुलांना मान आणि टाचा एकत्र बांधून, नाकातून रक्त येईपर्यंत ठेवलं होतं, असं तो लिहितो. प्रॉक्टर आणि मार्था दोघांनाही १९ ऑगस्टला फाशी झाली. त्याच दिवशी बरोज यांनी फासाखाली उभं राहून ‘प्रभूची प्रार्थना’ एकही चूक न करता म्हटली. सैतानाच्या माणसाला ती बिनचूक म्हणता येत नाही, असा समज असल्याने गर्दी चुळबुळू लागली. तेव्हा घोड्यावर बसलेल्या कॉटन मॅदर या धर्मगुरूंनी लोकांना समजावून गप्प केलं.

चेटकिणींना जाळलं होतं का?

नाही. इंग्लिश कायद्यात चेटूक हा फाशीचा गुन्हा होता. सेलममध्ये कोणालाही जाळलेलं नाही.

फक्त बायकाच होत्या का?

फाशी गेलेल्यांत चौदा बायका आणि पाच पुरुष. एकूण आरोपी दीडशेच्या वर, त्यांतही बायकाच जास्त. स्त्री मनाने दुबळी, म्हणून सैतान तिच्याकडे आधी येतो, हा समज होताच. शिवाय भांडखोर, एकटी, मागून खाणारी, किंवा भाऊ-मुलगा नसल्याने जमीन वाट्याला आलेली बाई गावाच्या डोळ्यांवर यायची. पुरुषांपैकी बरेच जण आरोपी बाईचा नवरा, मुलगा किंवा बाजू घेणारे म्हणून अडकले.

सर्वांत लहान आरोपी सारा गुडची मुलगी डॉरथी. वय चार-पाच. तिला बेड्या घालून आठ महिन्यांच्या आसपास तुरुंगात ठेवलं. आईला फाशी झाली, तान्हं भावंड तुरुंगातच गेलं. १७१० मध्ये बापाने नुकसानभरपाईच्या अर्जात लिहिलं की मुलगी तेव्हापासून सांभाळावीच लागते, तिला स्वतःचं भान उरलेलं नाही.

जाइल्स कोरीला दगडाखाली का मारलं?

ऐंशी ओलांडलेल्या या शेतकऱ्याने, न्यायालय माझा निवाडा करू शकतं, हे म्हणायलाच नकार दिला. ते म्हटल्याशिवाय खटला चालत नसे. म्हणून बोलतं करण्यासाठी अंगावर फळी ठेवून वर दगड रचत गेले. १९ सप्टेंबरला तो मेला. ‘आणखी वजन ठेवा’ हे त्याचे शेवटचे शब्द म्हणून सांगतात. ती परंपरेने आलेली गोष्ट आहे. तीन दिवसांनी त्याची बायको मार्था आणि इतर सात जण फासावर गेले. ती शेवटची फाशी.

मग थांबलं कसं?

आरोप वर सरकत गेले. अँडोव्हर गावात तर सेलम व्हिलेजपेक्षाही जास्त माणसं पकडली गेली. प्रतिष्ठित घरांची नावं येऊ लागली, गव्हर्नर विल्यम फिप्स यांच्या बायकोबद्दलही कुजबुज सुरू झाली. ऑक्टोबरमध्ये इंक्रीज मॅदर या वजनदार धर्मगुरूंनी स्पष्ट लिहिलं की एका निरपराधाला दोषी ठरवण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या. महिनाअखेरीस फिप्सनी ते खास न्यायालय बंद केलं. जानेवारी १६९३ मध्ये नव्या न्यायालयाने छायेचा पुरावा बाजूला ठेवला आणि जवळपास सगळे सुटले. श्रद्धा तीच होती, माणसंही तीच. पुराव्याचा नियम तेवढा बदलला.

सुटले म्हणजे घरी गेले असं नाही. तुरुंगातल्या खाण्याचा आणि बेड्यांचाही खर्च कैद्याकडून वसूल होई. लिडिया डस्टिन निर्दोष ठरूनही पैसे न भरल्यामुळे तुरुंगातच मेली.

कोणी माफी मागितली का?

न्यायाधीश सॅम्युएल सूअल यांनी मागितली. जानेवारी १६९७ मध्ये भर मंडळीत ते उभे राहिले आणि दोष व लाज आपण स्वीकारतो, असा त्यांचा कागद धर्मगुरूने वाचून दाखवला. बारा ज्यूरर्सनीही लेखी क्षमा मागितली. अ‍ॅन पटनमने १७०६ मध्ये मागितली, पण सैतानाने आपल्याला फसवलं असं म्हणत. स्टॉटननी कधीच मागितली नाही. १७११ मध्ये कुटुंबांना मिळून ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर झाली. दोषी ठरलेल्यांपैकी एलिझाबेथ जॉन्सन हिचं नाव मात्र निर्दोष ठरवायचं राहून गेलं. २०२२ मध्ये तिच्यावरचा डाग कायद्याने पुसला, तो नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीच्या मुलांनी पाठपुरावा केल्यावर.

आपल्याकडच्या डाकीण प्रथेशी याची तुलना करता येईल का?

थोडी. सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवण्यामागेही मूल दगावणं, जमिनीचा वाद, एकटेपणा हीच कारणं सापडतात. फरक कायद्याचा आहे. सेलममध्ये कायदा आरोप करणाऱ्याच्या बाजूने उभा होता. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात करणी केल्याचा ठपका ठेवून कोणाला छळणं हाच गुन्हा आहे.

तिथे गेलो तर काय पाहावं?

ऑक्टोबरमध्ये सेलम हॅलोविनच्या गर्दीने फुलून गेलेलं असतं, टोकदार टोप्यांची दुकानं लागतात. गर्दी टाळायची तर दुसऱ्या महिन्यात जा. डॅनव्हर्सला रिबेका नर्सचं घर आहे आणि पॅरिसच्या घराचा उकरून काढलेला दगडी पाया आहे. फाशीची जागा प्रॉक्टर्स लेज इथे होती, हे २०१६ मध्ये नक्की झालं.

आणि जुन्या दफनभूमीलगतचं १९९२ चं स्मारक चुकवू नका. दगडी भिंतीतून बाहेर आलेले वीस बाक, प्रत्येकावर एक नाव आणि एक तारीख. आत शिरताना पायाखाली बघा. उंबऱ्याच्या फरशांवर आरोपींची वाक्यं कोरलेली आहेत, मी निरपराध आहे अशी, आणि ती मध्येच भिंतीखाली जाऊन तुटतात.